विलंबित निदानाचा जमाखर्च

वासण्यात वास्तव्य, हाथीखान्यात धान्याची घाऊक पेढी आणि शिक्षण मॅट्रिकपर्यंत, अशा व्यापाऱ्याने स्त्रियांच्या व्याधीविषयी लिहावे हे काही वाचकांस अनुचित वाटेल. परंतु आमच्या पुतणीने तेराव्या वर्षापासून मासिक पाळीच्या असह्य वेदना नऊ वर्षे सोसल्या, आणि ‘लग्न झाले की बरे होईल’ असे म्हणणाऱ्यांत आम्हीही होतो. बाविसाव्या वर्षी व्याधीचे नाव कळले : एंडोमेट्रिओसिस. त्या चुकीचा हिशेब मांडणे आम्ही आमचे कर्तव्य समजतो.

या व्याधीत गर्भाशयाच्या अस्तरासारखा पेशीसमूह गर्भाशयाबाहेर, अंडाशयावर अथवा आतड्यांवर वाढतो. तेथे दाह होतो व अवयव एकमेकांस चिकटतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणे प्रजननक्षम वयातील सुमारे १० टक्के, म्हणजे जगातील सुमारे १९ कोटी, मुली व स्त्रियांस ही व्याधी असून निदानास ४ ते १२ वर्षे लागतात. समूळ नाश करणारा उपाय नाही. परंतु औषधे, संप्रेरके व प्रसंगी शस्त्रक्रिया यांनी वेदना आटोक्यात येतात. सोनोग्राफीत काही दिसले नाही म्हणून व्याधी नाहीच, असे मात्र ठरत नाही.

विलंबाचे मूळ पुष्कळदा घरातच असते. आपल्या अनेक घरांत मुलीने बाजूला बसावयाचे दिवस मोजले जातात. त्या दिवसांतील वेदना कोणी मोजीत नाही.

आता मोबाईलवर लक्षणे विचारून संभाव्य व्याधी सुचविणारी साधने निघाली आहेत. त्यांवर खर्च करणे किफायतशीर काय? २०१५ साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये अशा २३ साधनांची परीक्षा प्रसिद्ध झाली. त्यांत नाना व्याधी मिळून पहिलेच सुचविलेले निदान अवघ्या ३४ टक्के वेळा बरोबर ठरले. तेव्हा त्यांच्या उत्तरास निकाल समजू नये.

एक कल्पित उदाहरण घेऊ. हजार मुलींपैकी शंभरांस व्याधी आहे. साधन त्यांतील ऐंशी ओळखते, आणि उरलेल्या नऊशेंपैकी एकशेऐंशी जणींविषयी विनाकारण शंका घेते. म्हणजे दोनशेसाठ मुली डॉक्टरांकडे जातील. तिघींमागे सुमारे एक खरी रुग्ण निघेल. इतरांच्या तपासणीचा खर्च नावे पडला, तरी ज्यांना वेदना आहेत त्यांचे कारण शोधले जाईल. परंतु निसटलेल्या वीस जणींचे काय? ‘मोबाईल काही नाही म्हणतो’ असे सांगून घरच्यांनी त्यांना गप्प केले, तर तीच सर्वांत मोठी खोट होय. जमेच्या बाजूस वाचलेली शाळेची वर्षे, नोकरी, मनःशांती आणि कित्येकींच्या बाबतीत मातृत्व आहे. मात्र शंका आल्यावर मुलीस स्त्रीरोगतज्ज्ञाकडे नेणारे कोणी नसेल, तर फुकटचे साधनही महागच पडते. सारांश, साधन हे दलाल होय. मालाची पारख तज्ज्ञानेच करावयाची.

ब्रिटनमध्ये २०१७ साली निघालेल्या मार्गदर्शक सूचनांत सांगितलेली मुख्य लक्षणे मोबाईलशिवायही ध्यानात ठेवता येतात : सहा महिने वा अधिक टिकलेले ओटीपोटाचे दुखणे, दैनंदिन कामे अडविणारी पाळीची वेदना, पाळीच्या वेळी शौच वा लघवीचा त्रास, संबंधाच्या वेळी खोल वेदना. यांपैकी एकही आढळल्यास, मुलगी सतरा वर्षांखालील असली तरी, ही शंका घ्यावी असे त्या सांगतात. आईने एका वहीत तारीख, वेदना आणि चुकलेली शाळा यांची नोंद ठेवून ती वही डॉक्टरांपुढे ठेवावी. तिला खर्च शाईचा.

आमच्या पेढीवर पैशाची बाकी कधी दुसऱ्या दिवसावर गेली नाही. पुतणीची मात्र नऊ वर्षांची बाकी आमच्याकडे राहिली, आणि ती फेडता येणारी नाही. सभासद बंधुभगिनींनी आपापल्या घरी ती साचू देऊ नये, इतकीच विनंती.