देठाच्या टोकाची गाठ

मनी प्लांट ओळखता येत नाही असा माणूस विरळा. पण खिडकीतल्या बाटलीत हाताच्या पंजात मावतील अशी पाने धरणारा हाच वेल कोकणातल्या वाडीत आंब्याच्या खोडावर चढला, की त्याची वरची पाने सुपाएवढी होतात आणि कडेपासून मधल्या शिरेकडे फाटत जातात. दोन्ही पाने शेजारी ठेवली तर या दोन निराळ्या वनस्पती आहेत असेच कोणीही म्हणेल. 1880 मध्ये या वेलाला शास्त्रीय नाव मिळाले ते पोथॉस या वंशात. तेव्हा त्याचे फूल पाहायला मिळाले नव्हते. 1960 च्या दशकात फुले अभ्यासकांच्या हाती लागली आणि 1964 मध्ये तो एपिप्रेम्नम वंशात गेला. अळूच्या कुळातल्या, झाडांवर वाढणाऱ्या वनस्पतींना पानाच्या आकारावरून नाव देऊ नये, हे माझे म्हणणे या घरगुती उदाहरणापासूनच सुरू होते.

या म्हणण्याची खरी कसोटी लागते ती कोलंबिया आणि इक्वेडोरमधल्या अँडीज पर्वताच्या उतारांवर. तिथल्या धुक्यात भिजलेल्या जंगलांत एकेका खोडावर शेवाळ, ऑर्किड आणि या कुळातल्या कितीतरी वनस्पती दाटीने राहतात. त्या बांडगुळे नव्हेत; झाडाचा रस शोषत नाहीत, फक्त आधार घेतात. एकट्या अँथुरियम वंशातच हजाराहून अधिक जाती आहेत, फिलोडेंड्रॉनच्याही शेकडो. जंगलाच्या तळाशी अंधार आणि शेंड्याकडे उजेड, म्हणून चढणारा वेल उंचीनुसार पान बदलतो. कोस्टा रिकात याच कुळातल्या मॉन्स्टेराच्या रोपांवर 1975 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसले, की कोवळे रोप उजेडाकडे न जाता अंधाराकडे, म्हणजे जाड खोडाच्या सावलीकडे सरकते. आधार सापडला की मगच ते उजेडाकडे वर चढू लागते. अशा वनस्पतीचे एकच पान पाहणे म्हणजे माणसाचा बालपणीचा फोटो पाहून म्हातारपणी त्याला ओळखू जाणे.

यावर रास्त आक्षेप येतो: फुले वर्षभर नसतात, पुष्कळदा हात न पोचण्याइतकी उंच असतात; पाने मात्र नेहमी समोर असतात. मग पाहायचे काय? पानच पाहावे, पण आकार सोडून. देठ जिथे पात्याला मिळतो तिथे अँथुरियममध्ये एक फुगीर, गाठीसारखा सांधा असतो; पाते उजेडाकडे वळवण्याचे काम तो करतो. फिलोडेंड्रॉनमध्ये तो नसतो. अँथुरियमच्या अनेक जातींत पानाच्या कडेला समांतर धावणारी एक शीर असते. देठ आडवा कापला तर गोल दिसतो की पन्हळीसारखा, कांड्याची पेरे लांब की आखूड, कोवळ्या पानावरचे आवरण लवकर गळून पडते की काथ्यासारखे चिकटून राहते, या खुणा पान लहान-मोठे झाले म्हणून सहसा बदलत नाहीत. आणि फूल मिळालेच तर शंका फारशी उरत नाही. अँथुरियमच्या कणसावरचे प्रत्येक इवले फूल उभयलिंगी असते. फिलोडेंड्रॉनमध्ये मादी फुले खाली, नर फुले वर, आणि भोवतालचे आवरण तळाशी नळीसारखे गुंडाळलेले.

दुसरा आक्षेप आजचा आहे. मोबाइलमधले अ‍ॅप किंवा डीएनए हे सारे चुटकीसरशी सांगेल, मग देठ कशाला कापायचे? दोन्ही साधने मोलाची आहेत, पण दोन्ही आधी कोणीतरी नाव दिलेल्या नमुन्यांशी तुलना करतात. मूळ नमुन्यावरचे नाव चुकीचे असेल तर तीच चूक पुढे चालते. आणि अँडीजमध्ये नाव न मिळालेल्या जाती अजूनही सापडतात. सेंट लुइसच्या मिसूरी बोटॅनिकल गार्डनमधले थॉमस क्रोट यांनी आयुष्यभरात एक लाखाहून अधिक वनस्पतींचे नमुने गोळा केले, ते यासाठीच मोलाचे. वाळलेल्या नमुन्यात मूळ रंग उरत नाही, कणीस चपटे होते. म्हणून किती उंचीवरून घेतला, जमिनीवर होता की खोडावर, ताजेपणी रंग कोणता होता, ही टिपणे नमुन्याइतकीच महत्त्वाची. एखाद्याच डोंगररांगेत राहणारी जात चुकीच्या नावाखाली नोंदली गेली, तर ते जंगल तुटताना काय गेले हे कागदावरही दिसणार नाही. मला याची सर्वांत जास्त काळजी वाटते.

राहता राहिला अनुभवी माणसांचा दाखला. सह्याद्रीत रानभाज्या गोळा करणारे लोक पान बघूनच झाडावर वाढणारा रुखाळू ओळखतात, असे म्हटले जाते. पण रुखाळूचे पान अळूसारखेच दिसते आणि त्याला फूल क्वचितच येते. त्याची ओळख पटवतात ती झाडाच्या बेचक्यातली त्याची जागा आणि कंदातून उभ्या निघणाऱ्या दांड्यांवरचे बारीक कंदिकांचे घोस, ज्यांचे आकडे प्राण्यांच्या अंगाला चिकटून दुसऱ्या झाडावर पोचतात. पान खुडून टोपलीत टाकले की यातली एकही खूण सोबत येत नाही.