गेडचा चेहरा कोणी काढायचा?

गाजलेल्या अद्भुतरम्य कादंबरीची सचित्र आवृत्ती निघाली की अनेक वाचक बिचकतात. इतकी वर्षं मनात वसलेला नायक चित्रात भलताच निघाला तर? भीती रास्त आहे. म्हणून अशी आवृत्ती पाहताना चित्रकाराने काय काढलं याइतकंच काय काढायचं टाळलं, तेही पाहावं.

लेखकाचाच हात

‘द हॉबिट’ १९३७ साली लंडनला प्रसिद्ध झाली, तेव्हा आतली काळी-पांढरी चित्रं, नकाशे, वेष्टनावरचं डोंगरांचं चित्र, सगळं जे. आर. आर. टोल्किन यांनी स्वतः काढलं होतं. रंगीत चित्रं पहिल्या छपाईत नव्हती. ती मागून आली. रेखाचित्र मजकुराच्याच कागदावर छापता येई. रंगीत चित्र वेगळ्या गुळगुळीत कागदावर छापून पुस्तकात घालावं लागे, आणि खर्च वाढे.

अंतर राखणारा चित्रकार

टोल्किन यांच्या जन्मशताब्दीच्या निमित्ताने १९९१ मध्ये ‘द लॉर्ड ऑफ द रिंग्ज’ची सचित्र आवृत्ती आली. तिच्यात अ‍ॅलन ली यांची ५० जलरंगातली चित्रं आहेत. ली यांनी वीरांच्या मागोमाग, पण बरंचसं दुरूनच जायचं ठरवलं होतं. ऐन कळसाचे प्रसंग त्यांनी शब्दांवरच सोपवले. त्यामुळे डोंगर, झाडं आणि पडके बुरूज लक्षात राहतात आणि चेहरे वाचकाचेच राहतात. माझ्या मते सचित्र आवृत्तीचा हा सर्वांत समंजस मार्ग आहे.

चेहरा दाखवावाच लागतो तेव्हा

अर्सुला ले ग्विन यांच्या अर्थसी-मालिकेला मात्र हा मार्ग पुरला नसता. ‘अ विझर्ड ऑफ अर्थसी’ (१९६८) मधला गेड तांबूस तपकिरी वर्णाचा आहे, त्याचा मित्र वेच त्याहून काळा. मजकुरात हे स्पष्ट असूनही कितीतरी मुखपृष्ठांवर गेड गोरा झाला. २००४ च्या दूरचित्रवाणी मालिकेतही तेच घडलं, आणि ले ग्विन यांनी त्याविरुद्ध जाहीरपणे लिहिलं. वर्ण हा त्यांच्या कथेत वरवरचा तपशील नव्हता. जादूगार म्हणजे गोरा, ही ठरून गेलेली कल्पनाच त्यांना मोडायची होती.

म्हणून चित्रकार चार्ल्स वेस यांनी सजवलेली अर्थसीची २०१८ ची आवृत्ती मोलाची वाटते. वेस आणि ले ग्विन यांचा चार वर्षं संवाद चालला. ड्रॅगन कसा असावा यावर रेखाटनं जात राहिली, दुरुस्त्या येत राहिल्या. इथे चित्रकाराने स्वतःची कल्पना लेखिकेसमोर ठेवली आणि तिच्या नजरेने पुन्हा घडवली. जानेवारी २०१८ मध्ये ले ग्विन गेल्या. ग्रंथ त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये आला आणि २०१९ मध्ये त्याला कलाग्रंथाचा ह्यूगो पुरस्कार मिळाला.

अर्थसीची सहाही पुस्तकं या एका ग्रंथात आहेत. शिवाय ऑक्सफर्डला दिलेलं एक व्याख्यानही आहे, ज्यात ले ग्विन यांनी पुरुषकेंद्री वीरकथेची चौकट तपासली आहे. चित्रं पाहून झाल्यावर ते जरूर वाचावं.