संमतीचा साक्षीदार

ज्या व्यक्तीस माहितीपत्रक स्वतः वाचता येत नाही, तिची वैद्यकीय संशोधनासाठी संमती घेताना त्या संशोधनाशी काडीचाही संबंध नसलेला एक निष्पक्ष साक्षीदार आरंभापासून अखेरपर्यंत हजर असावा व त्याने आपल्या सहीने त्या संमतीची ग्वाही द्यावी, असा आपल्याकडे दंडक आहे. मुंबईतील एका रुग्णालयाच्या मेंदूविकार विभागात हे काम मी अधूनमधून करतो. पार्किन्सनसारखे दिसणारे, परंतु त्याहून निराळे आणि बहुधा अधिक वेगाने बळावणारे जे काही विकार आहेत, त्यांच्या अभ्यासात या साक्षीला केवढे मोल आहे, हे मला तेथेच उमगले.

त्यांपैकी एक विकार म्हणजे प्रोग्रेसिव्ह सुप्रान्यूक्लिअर पाल्सी. विभागात सारेजण त्याला पीएसपी म्हणतात. टोरंटो येथील स्टील, रिचर्डसन आणि ओल्शेव्स्की या तिघांनी १९६४ साली त्याचे सविस्तर वर्णन प्रसिद्ध केले. मेंदूच्या विवक्षित भागांतील पेशींत टाऊ नावाचे प्रथिन विकृत रूपात साचत जाते. रुग्ण पहिल्या काही वर्षांतच तोल जाऊन, बहुतेक वेळा मागच्या बाजूस, पडू लागतो. पार्किन्सनच्या रुग्णास दिलासा देणारे लेव्होडोपा येथे फारसे लागू पडत नाही. आणि नजर वर-खाली वळवण्याची शक्ती हळूहळू क्षीण होते. मांडीवरचा कागद, ताटातला घास, जिन्याची पुढली पायरी या गोष्टी डोळे निकोप असूनही नजरेच्या टप्प्यात येईनाशा होतात. त्यामुळे ज्याचा सारा जन्म अक्षरांत गेला, अशा मनुष्यावरही दुसऱ्याच्या वाचनावर आणि तिसऱ्याच्या साक्षीवर विसंबण्याची पाळी येते.

मी ज्यांच्याविषयी लिहीत आहे, ते गृहस्थ महसूल खात्यातून निवृत्त झालेले अव्वल कारकून होते. संशोधन समन्वयक असलेली तरुणी माहितीपत्रक मोठ्याने वाचत होती आणि प्रत्येक परिच्छेदाअखेर, सांगितलेले कितपत पोचले याची खातरजमा करण्यासाठी, एखादा प्रश्न विचारत होती. "काका, अभ्यास मध्येच सोडावासा वाटला, तर काय करायचं?" काका गप्प. पापणी लवत नव्हती, कपाळावरच्या आठ्या जशाच्या तशा होत्या. काकूंनी घाईघाईने म्हटले, "यांना सगळं कळतंय हो, तुम्ही वाचा पुढे." तरुणीने पान उलटले नाही. तिने पेन खाली ठेवले आणि ती थांबली. बराच वेळ गेला, बाहेर कोणाच्या तरी नावाचा पुकारा झाला, आणि मग जड, घोगऱ्या आवाजात उत्तर आले: "कळवायचं. कारण सांगायची सक्ती नाही."

या रोगात विचाराची गती मंदावते; प्रश्न पोचतो, उत्तरही तयार होते, परंतु ते ओठांपर्यंत येण्यास विलंब लागतो. घाईत असलेला माणूस त्या मौनाचा अर्थ होकार असा घेतो, किंवा याला काही समजतच नाही असे ठरवून नातेवाइकाकडे वळतो; आणि माझ्या मते हे दोन्ही त्या रुग्णावर सारखेच अन्यायाचे आहे. त्या वेळी पान उलटले गेले असते, तरी दस्तऐवज कायदेशीर दृष्ट्या बिनचूक भरला असता. संमती मात्र त्यात नसती. सही करताना साक्षीदाराने हे पाहायचे असते.

संमतीनंतर मोजणी. लॉरेन्स गोल्बी यांनी तयार केलेल्या तपासणीपत्रकात २८ बाबी आहेत आणि गुणांची कमाल बेरीज १००. गुण जितके अधिक, तितका विकार पुढे गेलेला. डॉक्टरांनी काकांना हाताची घडी घालून खुर्चीवरून उठण्यास सांगितले, पाणी पाजून ठसका लागतो का ते पाहिले, बोट वर-खाली नेत नजर कोठवर जाते ते न्याहाळले. सर्वांत कठीण भाग तोल पाहण्याचा. डॉक्टर रुग्णाच्या पाठीमागे उभे राहतात, पूर्वसूचना देऊन खांदे मागे खेचतात आणि तो स्वतः सावरतो की आपल्या हातांत पडतो हे पाहतात. काका एकही पाऊल मागे न टाकता, सरळच्या सरळ, डॉक्टरांच्या हातांवर रेलले. काकूंचा पदर तोंडाशी गेला. डॉक्टरांनी दयेपोटी एकही गुण कमी केला नाही, आणि तेच योग्य होते.

कारण याच आकड्यांवर औषधाचा न्याय होतो. डॅव्ह्युनेटाइड या नाकावाटे घ्यावयाच्या औषधाच्या ५२ आठवड्यांच्या चाचणीत ३१३ रुग्णांनी भाग घेतला, आणि २०१४ साली प्रसिद्ध झालेला निष्कर्ष असा, की त्याचा उपयोग नाही. टाऊविरोधी प्रतिपिंडांच्या दोन मोठ्या चाचण्या २०१९ साली याच कारणास्तव थांबवाव्या लागल्या. या लोकांचा वेळ वाया गेला असे म्हणणारे मला भेटतात. मला ते मुळीच पटत नाही. हा मार्ग पुढे जात नाही, एवढे ठामपणे सांगता येण्याइतकी चोख मोजणी करू देणे, आणि तीही ज्यांच्या हाती मोजकीच वर्षे आहेत अशांनी, हे फार मोठे देणे आहे.

सगळे आटोपल्यावर समन्वयक तरुणीने विचारले, "काका, तुम्हाला काही विचारायचं आहे?" पुन्हा ती थांबली, आणि या वेळी काकूही थांबल्या. "यातून काय निघालं," काका म्हणाले, "ते आम्हाला कोण कळवणार?" माहितीपत्रकात याविषयी एक ओळही नव्हती. निष्कर्ष मराठीत लिहून प्रत्येक सहभागी कुटुंबाच्या पत्त्यावर पाठवण्याची तजवीज व्हावी, असे टिपण तिने नैतिकता समितीसाठी तेथेच लिहून काढले, काकांना वाचून दाखवले, आणि त्यांनी वाकड्यातिकड्या अक्षरांत त्यावर सही केल्यावर साक्षीदार म्हणून खाली मी केली.