करार दोन्ही बाजूंचा हवा

पावसाळा ओसरू लागला की दरवर्षी परदेशी शिष्यवृत्त्यांच्या अर्जांचा हंगाम सुरू होतो. ब्रिटिश सरकारच्या राष्ट्रकुल आणि चेव्हनिंग शिष्यवृत्त्यांसाठी धावपळ करणाऱ्या आपल्याकडील पदवीधरांत 'आंतरराष्ट्रीय विकास' या विषयाकडे वळणारे तरुण आता दिसू लागले आहेत. या विषयाला स्वतंत्र विद्याशाखेचे रूप येऊन फार काळ लोटलेला नाही. हेग येथील सामाजिक अध्ययन संस्था १९५२ मधली, ससेक्सची विकास अध्ययन संस्था १९६६ मधली. मात्र विषयाचा गाभा जुनाच आहे. दारिद्र्य का टिकते, सरकारी तिजोरीत पैसा कोणाकडून येतो, तो कोणावर खर्च होतो आणि कोणाच्या वाट्याला काहीच का येत नाही, याचा हा शोध आहे. या अर्जांतून उमेदवाराला एक प्रश्न हटकून विचारला जातो : परत आल्यावर आपल्या देशासाठी तुम्ही काय करणार? चेव्हनिंगची तर शिक्षण संपल्यावर किमान दोन वर्षे मायदेशी राहण्याची अटच आहे. प्रश्न रास्त आहे. परंतु परत आल्यावर देश आपल्यासाठी काय करणार, हे उमेदवाराने विचारण्याची सोय कोणत्याही अर्जात नाही. हा दुसरा प्रश्न किती मोलाचा आहे, हे बडोद्याच्या इतिहासाने शंभर वर्षांपूर्वीच दाखवून दिले आहे.

४ जून १९१३ रोजी भीमराव रामजी आंबेडकर या तरुण पदवीधराने बडोदे संस्थानाशी एक करार केला. महिना साडेअकरा पौंडांप्रमाणे तीन वर्षे शिष्यवृत्ती द्यावी, न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात शिकू द्यावे आणि परतल्यावर उमेदवाराने दहा वर्षे संस्थानाची चाकरी करावी, असा तो करार होता. शिष्यवृत्ती देणारे सयाजीराव महाराज हे केवळ दानशूर संस्थानिक नव्हते. १८९३ मध्ये अमरेली भागात सक्तीच्या मोफत प्राथमिक शिक्षणाचा प्रयोग करून १९०६ मध्ये तो साऱ्या राज्याला लागू करणारा हा राजा होता. राज्य सुधारायचे तर शिकलेली माणसे हवीत, या हिशेबानेच ते तरुणांना बाहेर पाठवीत. आंबेडकरांनीही आपल्या बाजूचा हिशेब चोख ठेवला. १९१५ मध्ये ते एम. ए. झाले. प्राचीन भारतातील व्यापार, भारताचे राष्ट्रीय उत्पन्न, ब्रिटिश हिंदुस्थानातील प्रांतिक वित्तव्यवस्था हे त्यांच्या अभ्यासाचे विषय होते. आज ज्याला विकासाचे अर्थशास्त्र म्हणतात, त्याचेच हे अध्ययन होते; फक्त ते नाव तेव्हा रूढ झाले नव्हते.

शिष्यवृत्तीची मुदत संपली तेव्हा लंडनमधील अभ्यास अपुरा होता. तो तसाच ठेवून ते परतले आणि कराराप्रमाणे सप्टेंबर १९१७ मध्ये बडोद्यास रुजू झाले. तेथे पुढे काय घडले, ते त्यांनी स्वतःच लिहून ठेवले आहे. राजधानीच्या शहरात त्यांना राहावयास जागा मिळेना. पारशी नाव धारण करून त्यांनी एका पारशी विश्रामगृहात आसरा घेतला. अकराव्या दिवशी काठ्या घेतलेला जमाव आला आणि संध्याकाळपर्यंत जागा सोडण्याचा हुकूम देऊन गेला. एक हिंदू आणि एक ख्रिस्ती अशा दोन परिचितांकडे त्यांनी निवारा मागून पाहिला. दोघांनीही आपापली अडचण सांगितली. कोलंबियातून शिकून आलेल्या त्या विद्वानाने उरलेला वेळ कामाठीबागेत, म्हणजेच आजच्या सयाजीबागेत काढला आणि रात्रीच्या गाडीने मुंबई गाठली. दहा वर्षांचा करार पाळण्याची ज्याची तयारी होती, त्याला डोक्यावर छप्पर नसल्यामुळे निघून जावे लागले. महाराजांनी विद्येसाठी पैसा दिला, पण शहराने त्या विद्येला ओसरीसुद्धा दिली नाही. करार कागदावर शाबूत होता. तो मोडला समाजाने.

यात नुकसान कोणाचे झाले? आंबेडकरांनी सिडनॅम महाविद्यालयात नोकरी करून पैसा साठवला, कर्ज काढले, कोल्हापूरच्या शाहू महाराजांचे साहाय्य घेतले आणि १९२३ मध्ये लंडन विद्यापीठाची डी. एस्‌सी. मिळवली. प्रांतिक वित्तव्यवस्थेवरील आपला ग्रंथ १९२५ मध्ये त्यांनी सयाजीरावांना अर्पण केला. कृतज्ञतेत ते कोठेही उणे पडले नाहीत. नुकसान झाले ते बडोद्याचे. पिकाची मशागत केली, बियाणे पुरवले आणि सुगीच्या दिवशी दारच लावून घेतले, असा तो व्यवहार झाला.

याच बडोद्याच्या दप्तरात एक वेगळा करारही आहे, आणि आम्हा गोमंतकीयांना तो अधिक जवळचा आहे. सांखवाळचे धर्मानंद कोसंबी बौद्ध विद्येच्या शोधात नेपाळ आणि सिंहलद्वीपापर्यंत हिंडून कलकत्त्यास स्थिरावले होते. त्या विद्येचा लाभ मराठी माणसांना व्हावा ही त्यांची तळमळ होती. सयाजीरावांनी त्यांना दरमहा ५० रुपये देऊ केले. महाराष्ट्रातील कोणत्याही शहरी राहावे आणि वर्षाकाठी एखादे पुस्तक लिहून द्यावे, एवढीच अट होती. कोसंबींनी अधिक पगाराची नोकरी सोडून हे मानधन स्वीकारले. त्यातूनच ते पुण्यास आले आणि १९१० मध्ये हार्वर्ड विद्यापीठापर्यंत पोहोचले. अट येथेही होती. पण ती माणसाचा स्वभाव आणि त्याचे काम ओळखून घातलेली होती, म्हणून ती फळली.

आजच्या योजनांकडे या दृष्टीने पाहिले तर काय दिसते? अनुसूचित जातींच्या व अन्य वंचित घटकांतील विद्यार्थ्यांसाठी केंद्र सरकारची राष्ट्रीय परदेशी शिष्यवृत्ती १९५४-५५ पासून चालू आहे. वर्षाला जागा अवघ्या १२५. २०२२ मध्ये या योजनेच्या नियमांत एक कलम आले : भारतीय संस्कृती, वारसा, इतिहास आणि भारतविषयक सामाजिक अध्ययन यांसाठी ही शिष्यवृत्ती मिळणार नाही. प्राचीन भारतीय व्यापारावर प्रबंध लिहिणारा आणि १९१६ मध्ये कोलंबियातच जातिसंस्थेवर निबंध वाचणारा विद्यार्थी या कलमापुढे उभा राहिला असता, तर त्याचा अर्ज पहिल्याच मेजावर अडला असता. २०२५ मध्ये १०६ उमेदवारांची निवड झाली, पण पहिल्या फेरीत पत्रे मिळाली ती ४० जणांना. उरलेल्यांना निधी उपलब्ध झाल्यास विचार करू असे कळवण्यात आले. परदेशी विद्यापीठाचे सत्र आपल्या अर्थखात्याची वाट पाहात थांबत नसते. प्रवेश हाती आणि पैसा अधांतरी, अशा अवस्थेत ज्याच्या बापाला जमीन गहाण टाकता येते तो जातो. ज्याच्यासाठी योजना आखली तो मागे राहतो. उशिरा दिलेला होकार हा गरिबाच्या बाबतीत नकारच असतो.

शिष्यवृत्तीची सुरुवातही अर्जापासून होत नाही. आंबेडकरांना महाराजांपर्यंत नेले ते कृष्णाजी अर्जुन केळुसकर यांनी. त्या ओळखीतूनच महाविद्यालयीन शिक्षणासाठी दरमहा २५ रुपये मिळू लागले आणि अमेरिकेची वाट पुढे मोकळी झाली. आज सत्तरी किंवा काणकोणच्या, सावंतवाडी किंवा दोडामार्गच्या मराठी माध्यमातून आलेल्या मुलीसाठी असा केळुसकर कोठे आहे? शिफारसपत्र लिहिणाऱ्या प्राध्यापकाला विद्यार्थ्याचे नाव आणि गुण यांपलीकडे काही ठाऊक नसते. चेव्हनिंगला दोन वर्षांचा कामाचा अनुभव लागतो, हे अनेकांना मुदत उलटल्यावर कळते. ग्रामपंचायतीत, बचतगटात किंवा खारफुटीच्या राखणीत केलेले काम हा विकासाच्या अभ्यासातील मोलाचा अनुभव आहे, आणि तो अर्जात मांडता येतो, हेही त्यांना कोणी सांगत नाही.

म्हणून आमचे म्हणणे स्पष्ट आहे. प्रत्येक महाविद्यालयाने परदेशी शिष्यवृत्त्यांसाठी एक जाणता अध्यापक नेमावा आणि त्या कामाचे तास त्याच्या वेळापत्रकात धरावेत. विषय कोणता निवडावा, याची काळजी सरकारने विद्यार्थ्याच्या बुद्धीवर सोडावी. निवड जाहीर करण्यापूर्वी तिचा पैसा अंदाजपत्रकात बाजूला काढून ठेवावा. आणि परतलेल्या विद्यार्थ्याकडून मायदेशाच्या सेवेची हमी घेणाऱ्या शासनाने, नियोजन, पंचायत आणि समाजकल्याण खात्यांत अशा शिकलेल्या माणसांना ठराविक मुदतीच्या का होईना जागा देण्याची उलट हमी त्याच कागदावर लिहून द्यावी. बडोद्यात आज आंबेडकरांच्या त्या मुक्कामाचे स्मारक उभे आहे, ही समाधानाची गोष्ट आहे. तथापि स्मारक उभारण्याइतकेच, शिकून आलेल्या माणसाला पहिल्या दिवशी बसायला खुर्ची आणि राहायला घर देणे अगत्याचे आहे. १९१७ मध्ये बडोद्याला जमले नाही ते एवढेच होते.