‘ससाणा’ या शब्दात ससा का?

मुलांनो, मागच्या महिन्यात आपल्या वर्गात पक्ष्यांची नावे चालली होती. कावळा, चिमणी, घार, ससाणा अशी फळ्यावर यादी झाली आणि माझ्या नऊ वर्षांच्या मुलीने हात वर केला. “बाई, ससाणा या शब्दात ससा का आहे?” बाई हसल्या आणि म्हणाल्या, “कुणातरी पालकांनी शोधून वार्तापत्रात लिहा.” मागच्या बाकांवर चहा पीत बसलेल्या सगळ्या पालकांनी माझ्याकडे पाहिले. कारण थोड्याच दिवसांपूर्वी आम्ही चौघे एका शेतावर पाळीव शिकारी पक्ष्याने ससा धरताना पाहून आलो होतो. मी कॉम्प्युटरचे प्रोग्रॅम लिहिणारा माणूस, पक्षीतज्ज्ञ नव्हे. तेव्हा जे पाहिले, विचारले आणि वाचले तेवढेच सांगतो.

आधी शब्दाबद्दल. संस्कृतमध्ये सशाला ‘शश’ म्हणतात आणि खाण्याला ‘अदन’. अमरकोश या जुन्या शब्दकोशात श्येन पक्ष्याचे एक नाव ‘शशादन’ असे दिले आहे, म्हणजे ससा खाणारा. ‘शशादन’ भरभर दहा वेळा म्हणून पाहा. जीभ आपोआप ‘ससाणा’च्या जवळ येते की नाही?

पण इथे एक गंमत आहे. मराठीत ससा एकच, इंग्लंडमध्ये मात्र दोन: हेअर आणि रॅबिट. आपल्या माळरानावरचा ससा हा हेअर. तो बीळ खणत नाही, गवतात दबून बसतो, आणि त्याची पिल्ले जन्मतःच केसाळ व उघड्या डोळ्यांची असतात. रॅबिट जमिनीखाली बिळे करून घोळक्याने राहतो आणि त्याची पिल्ले जन्मताना उघडी व आंधळी असतात. या लेखात ससा म्हणजे रॅबिट.

तसेच पक्ष्यांचे. खरा ससाणा, म्हणजे आपला बहिरी ससाणा, टोकदार पंखांचा. तो उंचावरून सूर मारून हवेतच दुसरे पक्षी पकडतो. सूर मारताना त्याचा वेग ताशी ३०० किलोमीटरच्या वर जातो. जमिनीवरचा ससा धरायला मात्र रुंद पंखांचा, लांब शेपटीचा, झुडपांतून झटकन वळणारा पक्षी लागतो. त्यासाठी इंग्लंडमध्ये बहुतेक लोक हॅरिस हॉक ठेवतात. काटेकोरपणे बोलायचे तर इथे ससा धरणारा पक्षी ससाणा नाहीच! पण शब्द काही व्याकरणाच्या पुस्तकाला विचारून जन्माला येत नाहीत.

ससा इथला नव्हे

हा ससा मूळचा स्पेन-पोर्तुगालचा. नॉर्मन काळात, साधारण बाराव्या शतकात, मांसासाठी आणि कातड्यासाठी त्याला इंग्लंडमध्ये राखून वाढवू लागले. पुढे तो राखीव जागांतून निसटला आणि शेताशेतांत पसरला. मादीची गर्भावस्था फक्त एक महिन्याची, आणि वर्षात अनेक विणी. म्हणून थोड्या सशांचे पुष्कळ ससे व्हायला वेळ लागत नाही. शेताच्या कडेचे गव्हाचे कोवळे कोंब ते जमिनीलगत कुरतडतात, आणि बिळांमुळे जमीन पोकळ झाली की गाईघोड्यांचे पाय मोडतात.

१९५३ मध्ये केंट परगण्यात मिक्सोमॅटोसिस नावाचा रोग आला आणि दोन-तीन वर्षांत देशातले सुमारे ९९ टक्के ससे मेले. तेव्हा शेतकरी सुटले, पण सशांवर जगणाऱ्या बझर्ड पक्ष्यांची उपासमार झाली आणि त्यांची संख्याही घटली. पुढे ससे सावरले, पण १९९० नंतर दुसऱ्या एका रोगाने पुन्हा त्यांना गाठले, आणि आज कित्येक भागांत ते पूर्वीपेक्षा खूपच कमी आहेत. एका शेतात उपद्रव, तर पलीकडच्या गावात दिसतही नाहीत, अशी स्थिती. म्हणून कुठे धरायचे आणि कुठे सोडून द्यायचे, हे बघूनच ठरवावे लागते.

रोजचा तराजू

माझ्या ऑफिसातल्या एका सहकाऱ्याकडे हॅरिस हॉकची मादी आहे. आमची मुले त्याला ‘हॉकवाले काका’ म्हणतात. हे पक्षी मूळचे अमेरिकेतले, नैऋत्य अमेरिकेपासून खाली चिली-अर्जेंटिनापर्यंतचे. शिकारी पक्षी सहसा एकटे शिकार करतात, हे मात्र कुटुंबाने मिळून करतात. त्यामुळे माणसाला आणि त्याच्या कुत्र्याला ते आपल्या टोळीतले समजून घेतात. काकांची मादी रानातून पकडलेली नाही, पिंजऱ्यात जन्मलेली आहे. इंग्लंडमध्ये रानातला शिकारी पक्षी परवान्याशिवाय पकडणे हा गुन्हा आहे.

त्यांच्या गॅरेजमध्ये पाऊल टाकताच मला काय दिसले? एक तराजू आणि एक वही. तराजूच्या ताटलीच्या जागी बसायला दांडी. पक्षी रोज त्यावर बसतो आणि त्याचे वजन ग्रॅममध्ये लिहिले जाते. या मादीचे उडण्याचे वजन ९३५ ग्रॅमच्या आसपास. ९६० झाले तर तिला भूक नसते, मग ती झाडावर जाऊन बसते आणि कितीही हाका मारा, ढुंकून पाहत नाही. आणि वजन फार उतरले तर ती अशक्त होते, थंडीच्या रात्री दगावूही शकते. म्हणून कडाका पडला की चार घास जास्त, ऊन असले की कमी.

मी इंजिनिअर, लगेच म्हणालो, “म्हणजे थर्मोस्टॅट! मोजा, फरक बघा, दुरुस्ती करा.” काका म्हणाले, “अर्धे बरोबर. थर्मोस्टॅट रुसत नाही.”

शिकवणे असे होते. आधी कित्येक दिवस पक्ष्याला डाव्या हातातल्या जाड चामडी हातमोज्यावर घेऊन नुसते बसायचे. माणसासमोर त्याने निवांतपणे खाल्ले, की पहिला धडा झाला. मग मांसाचा तुकडा दाखवून एक पाऊल, मग एक उडी, मग खोलीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत. पुढे मैदानात पायाला लांब दोरी बांधून वीस, तीस, पन्नास मीटर. आणि एक दिवस दोरी सोडायची. ओरडणे, मारणे यांचा काही उपयोग नाही. कुत्र्याला मालकाचा राग कळतो आणि तो शरमतो. पक्षी शरमत नाही, निघून जातो.

शेतावर

जानेवारीतला रविवार होता, ऑक्सफर्डशायरमधले शेत. दवाने गवत पांढरे झालेले. शेतकऱ्याने कडेचा गहू दाखवला. वीस पावलांचा पट्टा खरवडल्यासारखा झाला होता. पक्ष्याच्या पायांत चामडी पट्टे, दोन छोटी घुंगरे, आणि पाठीवर छोटा ट्रान्समीटर, हरवली तर शोधायला.

काकांनी हात किंचित वर केला आणि ती ओकच्या झाडावर जाऊन बसली. आम्ही कुंपणाच्या कडेने चालू लागलो, तशी तीही झाडामागून झाड बदलत आमच्या डोक्यावरून येऊ लागली. आपण तिला नेत नव्हतो, ती आपल्यासोबत येत होती. पहिला ससा काटेरी झुडपात शिरला. दुसरा बिळात. तिसऱ्या वेळी ती अगदी जवळ पोचली, पण सशाने असे वळण घेतले की तिच्या पायांत नुसते गवत आले. माझ्या मुलाने “च्च!” केले, मुलीने टाळ्या वाजवल्या.

मग काकांनी फेरेट काढला. हा मुंगसासारखा लांबट, पाळीव प्राणी. त्याला बिळात सोडले की ससे दुसऱ्या तोंडाने बाहेर पडतात. आम्ही श्वास रोखून उभे राहिलो. ससा सुटला, वर घुंगरे वाजली, आणि दहा-बारा पावलांवर दोघे गवतात लोळले. मुलीने पाठ फिरवली. काका धावत गेले, गुडघ्यावर बसले आणि हातानेच सशाला एका क्षणात संपवले. ते म्हणाले, “तिथे लवकर पोचणे हे माझे काम. तेवढे जमत नसेल त्याने हा पक्षी ठेवू नये.” मग त्यांनी हातमोज्यावर मांसाचा तुकडा धरला, तशी ती ससा सोडून हातावर आली. ससा पिशवीत गेला. त्यातले काही तिचे पुढल्या दिवसांचे जेवण, बाकीचे काकांच्या घरचे.

परत येताना मुलीने एकच प्रश्न विचारला. “झाडावर होती तेव्हा ती पळून का नाही गेली?”

काका म्हणाले, “जाऊ शकते. मी रोज तिला सोडतो, तेव्हा रोज ती जाऊ शकते.”

मला हे उत्तर घरी येईपर्यंत पुरले. तो तराजू, ती वही, ते महिने, एवढे सगळे करूनही पक्षी आपल्या मालकीचा होत नाही. माणूस फक्त परत येण्याजोगी परिस्थिती रोज नव्याने तयार करतो. आणि ती चुकली तर दोष पक्ष्याचा नसतो.

नियम काय?

पालकहो, हौस वाटली तरी घाई नको. ब्रिटनमध्ये असा पक्षी ठेवायला परीक्षा द्यावी लागत नाही. अमेरिकेत नवशिक्याला किमान दोन वर्षे अनुभवी माणसाच्या हाताखाली काढावी लागतात. इथे ते आपल्या सदसद्विवेकावर सोडले आहे. शेतकऱ्याची परवानगी, शक्यतो लेखी, हवीच, नाहीतर ती चोरटी शिकार ठरते. सशाचा उपद्रव रोखण्याचा शेतकऱ्याचा हक्क १८८० च्या कायद्यापासून चालत आला आहे. २००४ च्या कायद्याने इंग्लंड-वेल्समध्ये कुत्र्यांकरवी वन्य प्राण्यांची शिकार बंद झाली, पण शिकारी पक्ष्यासाठी झुडपातून प्राणी उठवायला, जमीनमालकाच्या संमतीने, कुत्रा वापरता येतो. आणि हॅरिस हॉक परदेशी असल्याने कंटाळा आला म्हणून त्याला रानात सोडून देणे १९८१ च्या कायद्याने गुन्हा आहे. तो वीस वर्षेही जगू शकतो, हे लक्षात ठेवा.

भारतात हे सगळे आता बंद आहे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने तिथे ना ससा मारता येतो, ना शिकारी पक्षी पाळता येतो. पण विद्या मात्र आपल्याकडे फार जुनी. कल्याणीचा, म्हणजे आजच्या बिदर जिल्ह्यातल्या बसवकल्याणचा, चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा याने इ.स. ११३० च्या सुमारास ‘मानसोल्लास’ हा संस्कृत ग्रंथ रचला. त्यात राजाच्या करमणुकींमध्ये ‘श्येनविनोद’ हे एक प्रकरणच आहे. काकांच्या पेटीत पक्ष्याच्या डोळ्यांवर घालायची चामडी टोपी होती. ते म्हणाले, “ही इंडियन पद्धतीची टोपी. आणि घुंगरांमध्ये लाहोरची घुंगरे नावाजलेली.” एका इंग्रज माणसाच्या गॅरेजमध्ये आपल्याकडची ही नावे ऐकून मी चकितच झालो.

मग बरोबर कोण?

घरी आल्यावर आजीला फोन झाला. आजी शाकाहारी. ती एवढेच म्हणाली, “शिबी राजाची गोष्ट सांगितलीस का पोरांना?”

ती तुम्हालाही सांगतो. कबुतर जीव वाचवायला शिबी राजाच्या मांडीवर येऊन बसले. मागोमाग श्येन आला. राजा कबुतर देईना. श्येनाने विचारले, त्याला वाचवलेस हे ठीक, पण मग माझ्या भुकेचे काय? राजाकडे उत्तर नव्हते. त्याने तराजू मागवला आणि कबुतराच्या वजनाइतके आपले मांस कापून द्यायला सुरुवात केली. महाभारतातली ही गोष्ट दयेची म्हणून आपण शिकतो. पण तीत श्येनाला कुणी दुष्ट म्हटलेले नाही.

माझ्या मुलीचे मत अजून सशाच्या बाजूने आहे, मुलाचे पक्ष्याच्या. मी दोघांनाही चूक म्हणालो नाही. मला एवढेच कळले की मांस दुकानातून प्लास्टिकमध्ये बांधून आले की हा प्रश्न पडतच नाही, आणि शेतावर तो पडल्याशिवाय राहत नाही. ज्यांना शिकार पाहायची नाही पण पक्षी उडताना बघायचे आहेत, त्यांनी हँपशायरमध्ये अँडोव्हरजवळच्या हॉक कॉन्झर्व्हन्सीला जावे.

शब्द लिहून ठेवा: शश, श्येन, बीळ, घुंगरू, हातमोजा, तराजू, परवानगी.

गृहपाठ: शिबी राजाच्या जागी तुम्ही असता तर श्येनाला काय सांगितले असते? पाच ओळी लिहून पुढच्या रविवारी आणा. आईबाबांनीही लिहिल्या तर बाई रागावणार नाहीत.