बॉल पायथनची कात : ओढू नका, ओल द्या

डोळे निळसर-धुरकट झाले, रंग फिका पडला, की बॉल पायथन कात टाकायच्या तयारीत आहे. या काळात त्याला नीट दिसत नाही, तो बिथरतो. हाताळणं बंद ठेवा, खाण्याचा आग्रहही नको. काही दिवसांनी डोळे पुन्हा स्वच्छ होतात आणि मग कात निघते.

ती तुकड्यातुकड्यांनी निघाली, तर बहुतेक वेळा दोष कोरड्या हवेचा. एरवी आर्द्रता ५५-६० टक्के ठेवा, या दिवसांत ७०च्या आसपास. मला सर्वांत खात्रीचा वाटतो तो ओलसर शेवाळाचा डबा, साप आत शिरेल एवढं भोक पाडलेला. नाक घासायला खरबरीत लाकूडही हवंच. निरोगी सापाची कात ओठांपासून सुटून मोज्यासारखी उलटी, अखंड येते.

तुकडे चिकटलेच तर उथळ कोमट पाण्यात १५-२० मिनिटं ठेवा, समोर बसून. शेपटीचं टोक तपासा, तिथे अडकलेल्या कातीच्या कड्याने रक्तपुरवठा तुटू शकतो. डोळ्यावरची पारदर्शक खवली राहिली तर चिमटा लावू नका. डोळा कायमचा जाऊ शकतो. सरळ सरपटणाऱ्या प्राण्यांच्या जाणकार डॉक्टरकडे न्या.