चान्या: मांसाचं वाळवण

वाळवण म्हटलं की पापड, कुरडया आठवतात. मराठवाड्यातल्या दलित घरांत मांसही वाळवायचे. त्या चान्या. मांसाच्या पातळ, लांब पट्ट्या कापायच्या, मीठ-हळद चोळून कडक उन्हात दोरीवर टाकायच्या. मीठ मांसातलं पाणी ओढतं, ऊन ते उडवतं. ओल नसली की मांस नासत नाही. म्हणून ढगाळ हवेत हा घाट घालू नका. लाकडासारख्या कडक झाल्या की कोरड्या डब्यात भरा. निखाऱ्यावर भाजून भाकरीबरोबर खा.

शाहू पाटोळे यांनी ‘अन्न हे अपूर्णब्रह्म’ (२०१५) या पुस्तकात हे जेवण मानानं मांडलं. लहानपणी आम्ही शाळेत चान्यांचं नावही काढत नव्हतो. आता गटात एकमेकींना विचारतो, “तुमच्याकडं काय वाळवायचे गं?” तुम्हीही विचारा.